थायरॉईड, उंदीर आणि ‘मर्दानगी’ची कॅप्सूल

‘थायरॉईडही सुधारेल, शुक्राणूही वाढतील. उंदरांवर सिद्ध!’ या छापाच्या जाहिराती हल्ली फोनवर सारख्या दिसतात. कॅप्सूलमध्ये बहुधा अश्वगंधा असते. उंदरांवर प्रयोग झालेत, हे खोटं नाही. १९९० च्या दशकाअखेर इंदूरच्या संशोधकांनी उंदरांना अश्वगंधाच्या मुळांचा अर्क दिला, तेव्हा रक्तातलं टी-४ हे थायरॉईडचं संप्रेरक वाढलं. पण टी-४ वाढलं म्हणजे शुक्राणूही वाढणार, हे कुणी ठरवलं? उंदरांत नेमकं उलटंही घडवता येतं, आणि तो प्रयोग माझा फार लाडका आहे.

१९९१ साली अमेरिकेत पॉल कुक आणि सहकाऱ्यांनी रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) नवजात पिल्लांचं थायरॉईड पीटीयू या थायरॉईड मंदावणाऱ्या औषधाने काही आठवडे दाबून ठेवलं. पिल्लांची वाढ खुंटली, पण मोठेपणी त्यांची वृषणं वजनाने ८० टक्क्यांपर्यंत जास्त भरली आणि शुक्राणूही वाढले. टेस्टोस्टेरॉन मात्र होतं तेवढंच!

थायरॉईड दाबूनही शुक्राणू वाढले कसे? याचं उत्तर सर्टोली पेशींत आहे. वृषणातल्या नलिकांमधल्या, वाढत्या शुक्राणूंना सांभाळणाऱ्या या दाया. एन्रिको सर्टोलीने १८६५ मध्ये त्यांचं वर्णन केलं. एक दाई ठरावीकच शुक्राणू सांभाळू शकते, म्हणून दाया किती यावर उत्पादनाची कमाल मर्यादा ठरते. रॅटमध्ये या पेशी जन्मानंतर जेमतेम दोन आठवडे विभागतात. मग टी-३ हे थायरॉईडचंच दुसरं संप्रेरक त्यांच्या केंद्रकातल्या ग्राहीला (संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, पी-२७ नावाचं प्रथिन वाढतं, ते विभाजनचक्र चालवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) अडवतं आणि पेशी प्रौढ होते. टी-३ कमी पडलं की विभाजन लांबतं आणि पेशींची संख्या वाढते. हेच औषध प्रौढ रॅटला दिलं तर वृषणं मोठी होत नाहीत, कारण विभाजनाची वेळ केव्हाच टळलेली असते.

शिवाय रॅटमध्ये शुक्राणू तयार व्हायला सुमारे ५२ दिवस लागतात, माणसात ७४ च्या आसपास. मग महिनाभराच्या एखाद्या प्रयोगात शुक्राणूंचं पूर्ण चक्र दिसणार कसं? आणि रॅटच्या रक्तातलं निम्मं टी-४ दिवसभरात संपतं, आपल्याला त्यासाठी आठवडा लागतो; म्हणजे त्यांचे निकाल आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ असं विचारणाऱ्यांनी कण्हेर आठवावी. अश्वगंधा घेऊन थायरॉईड अतिसक्रिय झालेल्या, छातीत धडधडू लागलेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आणि पुरुषात थायरॉईड असं जादा झालं की शुक्राणूंची हालचाल मंदावते.