क्यू भरली की कोणता मेसेज फेकायचा, हे ब्रोकरला आधीच सांगून ठेवा

समजा नागपूरच्या सिटी बसमधून दर काही सेकंदांनी लोकेशन येतंय आणि त्याच ब्रोकरमधून (मेसेज रांगेत, म्हणजे क्यूत, ठेवून पुढं पोचवणारं सॉफ्टवेअर) तिकिटाचे पैसे कापल्याचे मेसेजही जाताहेत. बर्डीवर बस मघाशी कुठं होती हे हरवलं तरी चालतं भाऊ, पैशाची नोंद हरवली तर भांडण होते. हा फरक ब्रोकरला आपोआप कळत नाही, तो ॲड्रेस सेटिंग्जमध्ये लिहावा लागतो (ॲड्रेस म्हणजे मेसेज ज्या नावावर पाठवतात ते).

अपाचे ॲक्टिव्हएमक्यू आर्टेमिस नावाच्या ब्रोकरमध्ये या सेटिंग्ज ॲड्रेसच्या नावाच्या पॅटर्नवर लागतात. नुसतं # म्हणजे सगळे ॲड्रेस, "बस.लोकेशन.#" म्हणजे त्याखालचे सगळे, आणि * म्हणजे नेमका एकच शब्द. दोन पॅटर्न जुळले तर दोन्ही एकत्र होतात, आणि एकच गोष्ट दोघांत वेगळी असली तर जास्त नेमक्या पॅटर्नचं चालतं.

आता मेमरी भरली तर काय? चार ऑप्शन आहेत, अन् ते कळमना मार्केटात संत्र्याच्या सीझनला माल जास्त झाल्यावर जे करता येईल तसेच आहेत: पेज म्हणजे जादा माल गोडाऊनला (इथं डिस्कवर), ब्लॉक म्हणजे ट्रक गेटवरच उभा, फेल म्हणजे जागा नाही असं तोंडावर सांगून परत पाठवणं, आणि ड्रॉप म्हणजे माल गुपचूप फेकून देणं. डिफॉल्ट पेज आहे. मी लोकेशनला ड्रॉप देईन, पैशाला कधीच नाही.

पण खरी गोम मॅक्स-साइज-बाइट्समध्ये (एका ॲड्रेसनं किती मेमरी घ्यायची ती लिमिट) आहे, तो डिफॉल्ट -1 असतो, म्हणजे त्या ॲड्रेसला स्वतःची लिमिटच नाही, मग लागते सगळ्यांची मिळून एक ग्लोबल लिमिट, जी न दिल्यास जावाला (ब्रोकर ज्यावर चालतो) दिलेल्या मेमरीच्या निम्मी धरतात, म्हणजे लोकेशनचा पूर आला की पैशाचे मेसेजही उगाच डिस्कवर जायला लागतात. म्हणून लोकेशनला छोटी वेगळी लिमिट द्या.

दुसरं, डिलिव्हरी फसली की आर्टेमिस 10 वेळा प्रयत्न करतो, पण दोन प्रयत्नांमधला डिले डिफॉल्ट 0 आहे, मेसेज घेणाऱ्याचा डेटाबेस दोन मिनिटं जरी बसला तरी दहाही प्रयत्न डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात. त्यानंतर मेसेज डेड लेटर ॲड्रेसवर (न पोचलेले मेसेज ठेवायची जागा) जातो, आणि तो ॲड्रेस दिलाच नसेल तर थेट काढून टाकला जातो. पैशाच्या ॲड्रेसला रीडिलिव्हरी-डिले 5000 मिलिसेकंद आणि मल्टिप्लायर (दर वेळी डिले किती पट करायचा) 2 ठेवला तर 5, 10, 20 सेकंद अशी गॅप वाढत जाते, पण कमाल डिले डिफॉल्टने पहिल्याच्या 10 पटच असतो, तेव्हा 50 सेकंदांच्या पुढं जायचं असेल तर तोही हातानं वाढवा.