ओड आणि स्तोत्र: हाक तीच, चाल वेगळी

प्राध्यापकीच्या नेट-सेट परीक्षांच्या तयारीला लागलेल्या मुलांच्या वहीत ओड (ode) या पाश्चात्त्य काव्यप्रकाराबद्दल एक ओळ हमखास सापडते: 'ओड म्हणजे स्तुतिपर दीर्घ कविता.' नागपुरात बर्डीवर झेरॉक्स होऊन फिरणाऱ्या नोट्समधून ती एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जाते. मग मुलं ओडला सरळ स्तोत्राच्या रांगेत नेऊन बसवतात. इंग्रज कवी कीट्सची नाइटिंगेल पक्ष्यावरची ओड आणि आपलं अथर्वशीर्ष एकाच पंगतीला! घोटाळा का होतो ते कळतं. दोन्हीकडे कुणाला तरी 'तू' म्हणून हाक मारलेली असते, भाषा रोजच्यापेक्षा वरच्या पट्टीतली असते, आणि कौतुक तर असतंच. पण कौतुकाचं पुढे काय होतं, तिथे दोघांच्या वाटा फुटतात.

मंगळवारी नागपूरच्या टेकडी गणपतीला जाऊन बघा. रांगेत कुणी ना कुणी अथर्वशीर्ष पुटपुटत असतं. 'त्वमेव केवलं कर्तासि, त्वमेव केवलं धर्तासि' असं एकेक पद चढत जातं. म्हणणारा डॉक्टर असो की ऑटोवाला, शब्द तेच राहतात, कारण ते शब्द त्याच्या स्वभावासाठी घडवलेलेच नाहीत. तो पहिल्या ओळीला जसा शरण असतो तसाच शेवटच्या ओळीलाही असतो. शंकेला जागा नाही आणि ती असावी अशी अपेक्षाही नाही. शेवटी फलश्रुती येते: हजार आवर्तनं केली तर जी जी इच्छा धराल ती ती साधेल. बहुतेक स्तोत्रांना अशी फलश्रुती जोडलेली असते. स्तोत्र वापरायचं असतं, पुन्हा पुन्हा म्हणायचं असतं. वाचून बाजूला ठेवण्याची ती वस्तू नव्हे, आणि म्हणूनच ती इतकी टिकते.

आता कीट्स. १८१९ सालची 'नाइटिंगेल' ही ओड दहा-दहा ओळींच्या आठ कडव्यांची आहे. पक्ष्याचं गाणं ऐकून कवी हरखतो. मग त्याला वाटतं की मद्य घेऊन या जगातून निसटावं. मग म्हणतो, मद्य नको, कवितेच्या पंखांवर जाऊ. मग अंधारात उभा राहून मरणाचाच विचार करू लागतो, आणि तिथे त्याच्या लक्षात येतं की आपण मेल्यावरही हा पक्षी गातच राहील, फक्त ऐकायला आपण नसू. शेवटी गाणं टेकडीपलीकडे विरतं आणि कवी विचारतो: मी जागा आहे की झोपेत? सुरुवातीचा माणूस आणि शेवटचा माणूस एक राहिलेला नाही. स्तोत्राच्या शेवटी फळ हाती येतं, इथे प्रश्न. माझ्या मते ओडचा जीव या वळणात आहे. स्तुती हे तिचं निमित्त.

म्हणूनच ओडला विषय कुठलाही चालतो. इंग्रज कवी शेलीने पश्चिमेच्या वाऱ्याला हाक मारली, कोलरिजने स्वतःच्या उदासीवर ओड लिहिली, चिलीच्या नेरुदाने थेट कांद्यावर आणि पायमोज्यांवर. काळ, कला, ऋतू, मरण हे जुने ठरलेले विषय आहेतच.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ, संत्र्याचं. संत्र्याचं स्तोत्र लिहायचं तर सोपं आहे: हे केशरवर्णे, हे रसभरिते, हे काटोल-वरुडच्या भूषणा. वीस विशेषणं आणि नमस्कार. ओड लिहायला बसलं की पंचाईत. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात, ताण देतात. झाड पानं टाकतं. मग जूनच्या पावसात एकदम फुलतं, आणि वास बांधभर पसरतो. म्हणजे ज्या फुलाचं कौतुक करायला बसलो ते आपणच तहानेने व्याकूळ करून मिळवलंय. इथे कवीला थांबावं लागतं. कौतुक चालू ठेवायचं की माफी मागायची? की आपल्यालाही कुणी असाच ताण दिला होता का, याकडे वळायचं? हे वळण जमलं तर ती ओड. नाहीतर कळमन्याच्या मार्केटातली जाहिरात.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ओडचा मूळ ग्रीक अवतार स्तोत्राच्या बराच जवळचा होता. प्राचीन ग्रीक कवी पिंडारच्या ओड खेळांतल्या विजेत्यांसाठी, सांगून लिहवून घेतलेल्या असत आणि चमू त्या गात-नाचत सादर करी. परंपरेने असं सांगतात, की एका कडव्याला चमू एका बाजूला सरके, त्याच वृत्तातल्या दुसऱ्याला उलट फिरे आणि वेगळ्या वृत्तातल्या तिसऱ्याला जागेवर उभा राही. दीक्षाभूमीवर सुरेश भटांची 'भीमराया घे तुझ्या या लेकरांची वंदना' हजारो गळ्यांतून उठते, तेव्हा तो सामूहिक सूर कसा असेल याची थोडी कल्पना येते. तरीही पिंडार निव्वळ जयजयकार करत नाही. इसवीसनपूर्व ४७६ मध्ये सिराक्यूजचा राजा हिएरॉन याचा घोडा ऑलिंपियात जिंकला. त्याच्यावरच्या ओडमध्ये मध्येच पेलॉप्सची पुराणकथा येते आणि शेवटाकडे राजालाच बजावणं: आता याच्या पलीकडे नजर टाकू नकोस. राजाकडून बिदागी घेऊन राजालाच ताकीद! रोमन कवी होरेसने पुढे हा सूर खाली आणला, एकसारख्या कडव्यांत, एखाद्या मित्राशी बोलावं तसा. आज आपण जिला ओड म्हणतो तिच्यात या दोघांचंही रक्त आहे.

इथे कुणी म्हणेल, आमचे संत नाही का देवाशी भांडत? भांडतात, आणि झकास भांडतात. नामदेव म्हणतात, 'पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा, पतितपावन न होसि म्हणुनी जातो माघारा.' येणं आणि परत फिरणं, दोन ओळींत. पण तो अभंग आहे, स्तोत्र नव्हे. चालीने बघितलं तर तो ओडचाच शेजारी निघतो.

मराठीत हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो सावरकरांच्या दोन कवितांत. १९०३ ची 'जयोऽस्तु ते' स्वतःला स्वतंत्रतेचं स्तोत्र म्हणवते आणि तशीच वागते: वंदनाने सुरू होते, देवी पहिल्यापासून शेवटपर्यंत देवीच राहते. १९०९ ची, इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरची 'सागरा प्राण तळमळला' वेगळ्याच जातीची. आधी विनवणी, मग जुन्या वचनाची आठवण, मग फसवल्याचा आरोप, आणि अखेर धमकी: तुला एका आचमनात पिणाऱ्या अगस्तीलाच माझी माता आता सांगेल. ज्याला हाक मारली त्याच्याशी असलेलं नातंच कवितेत पार उलटलं. गाणं म्हणून आपण ती इतकी ऐकली आहे की हे वळण कानाआड होतं. चाल बाजूला ठेवून नुसती वाचली तर ती सरळ ओड आहे.