अंग आंबलं म्हणजे व्यायाम अंगी लागला?

जिमच्या पहिल्याच दिवशी हौसेनं शंभर बैठका मारलेला गडी दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरतो आणि वर कौतुकानं सांगतो, ‘अंग आंबलंय बघ, म्हंजे व्यायाम अंगी लागला!’

आंबलं म्हणजे आंबट, म्हणजे स्नायूंत साठलेलं लॅक्टिक ॲसिड, असा हिशेबही कुणीतरी लगेच जुळवतं. तो चुकतो. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) साधारण तासाभरात ओसरतं. दुखणं मात्र १२ ते २४ तासांनी डोकं वर काढतं आणि एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं. १९८३ सालच्या एका प्रयोगात काहींना सपाटीवर, तर काहींना उतारावर पळवलं. लॅक्टेट वाढलं सपाटीवाल्यांचं, पाय दुखले उतारावाल्यांचे!

जोतिबाच्या पायऱ्या आठवा. चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ब्रेकचं काम करतो. ताण सोसत सोसतच लांबत जातो. अशा कामाची सवय नसली की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आसपास दाह होतो आणि तिथल्या वेदनेच्या नसा हळव्या होतात. बैठकीत खाली जाताना नेमकं हेच घडतं.

आता तालमीत डोकावा. रोज शेकडो जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाचं अंग रोज कुठं आंबतं? तेच काम पुन्हा केलं की स्नायू त्याला सरावतो. एकदा दुखून गेल्यावर पुढचे काही आठवडे तो तेवढा दुखत नाही. दुखणं हीच पावती मानली, तर निम्मी तालीम नापास करावी लागेल. दुखणं सांगतं ते एवढंच, की काम नवं होतं किंवा एकदम जास्त झालं. स्नायू वाढतो तो हळूहळू चढवलेल्या ताणानं, खुराकानं आणि झोपेनं. म्हणून प्रगती बघायची तर गेल्या महिन्यातल्या बैठका आणि आजच्या बैठका मोजाव्यात.

हलकं दुखत असेल तर थोडं चालल्यानं बरं वाटतं. पण दुखणं असह्य झालं, अंग सुजलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर लगेच दवाखाना गाठावा. तुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करू शकतं.