सेमिनरीतली भावकी आणि सेमिनरीतला मित्र

सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला भावकी समजावून सांगावी लागत नाही. बांधावरून वर्षभर बोलाचाली बंद असली तरी मयताला भावकी येतेच, खांदा देतेच. ती निवडलेली नसते. मित्र मात्र आपण जोडलेला असतो. धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत राहणाऱ्या कॅथलिक मुलांमध्ये ही दोन्ही नाती एकाच छताखाली नांदतात. तिथं प्रत्येकाला ‘ब्रदर’ म्हणूनच हाक मारतात, त्यामुळे मिरजेच्या किंवा पाचगणीच्या घरच्यांना ती एकच वाटतात. कित्येकदा मुलांनाही वाटतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी बंधुभाव. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मगुरूंविषयीच्या 1965 च्या दस्तऐवजात म्हटलं आहे की, दीक्षेच्या, म्हणजे धर्मगुरूपद देण्याच्या, संस्कारामुळे सगळे धर्मगुरू एकमेकांचे बंधू होतात. स्वभाव जुळले म्हणून नव्हे. सेमिनरीतली वर्षं ही त्याचीच तालीम असते. पुण्याच्या पेपल सेमिनरीसारख्या ठिकाणी केरळपासून ईशान्येपर्यंतची मुलं येतात, म्हणजे जेवणाच्या टेबलावर शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात नसतं. बंधुभाव कामातून दिसतो: पाळी आली की वाढायचं, भांडी घासायची, आजारी पडलेल्याच्या खोलीत पेज न्यायची. ज्याच्या बोलण्याचा आपल्याला वैताग येतो त्याची पेजही तितकीच गरम पोचली पाहिजे. बंधुभावाची याहून चांगली परीक्षा नाही.

मैत्री वेगळी. तिला ठरावीक माणूस लागतो, वेळ लागतो, मनातलं बोलणं लागतं. संत बाझील आणि संत ग्रेगरी नाझियानझन चौथ्या शतकात अथेन्सला एकत्र शिकले. त्यांची मैत्री इतकी जवळची होती की चर्च दोघांचा सण एकाच दिवशी, 2 जानेवारीला पाळतं. तरीही जुन्या सेमिनऱ्यांत एक नियम कानीकपाळी ओरडून सांगितला जायचा: एकटा क्वचित, दोघं कधीच नाहीत, नेहमी तिघं. कंपू होऊ नयेत हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण या नियमाने नुकसानही केलं. सगळ्यांशी जमवून घेणारे आणि कुणापाशीच मन मोकळं न करणारे धर्मगुरू त्यातून तयार झाले. पुढं अख्ख्या तालुक्यात एकटं राहायची वेळ आली की ही उणीव अंगावर येते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 मध्ये मानवी जडणघडण हाच धर्मगुरूच्या साऱ्या घडणीचा पाया असल्याचं लिहिलं. त्या पायात मैत्रीचा दगड हवाच.

मैत्री कुठं बिघडते ते ओळखणं सोपं आहे. तिसरा आला की बोलणं थांबतं. मराठी मुलं मराठी टेबलाला चिकटतात आणि नागालँडचा मुलगा मुकाट्यानं जेवून उठतो. सगळ्यांत वाईट म्हणजे झाकपाक: मित्र रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर असतो, सकाळच्या प्रार्थनेला येत नाही, आणि आपण ‘त्याला बरं नाही’ म्हणून सांगतो. याला मैत्री म्हणत नाहीत.

चूक दिसली तर काय करायचं, याचा क्रम बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात दिला आहे. आधी एकट्याला गाठून सांगायचं. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर न्यायचं. त्यानंतरच मंडळीपुढं, म्हणजे सेमिनरीच्या बाबतीत तिथल्या प्रमुखांपुढं, रेक्टरांपुढं. पहिली पायरी गाळून थेट रेक्टरांचं दार ठोठावलं तर ती चहाडी होते, आणि तिसरी पायरी कायमची टाळली तर लपवाछपवी.

गुपिताबद्दलही गैरसमज असतो. पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपाशी पापं कबूल करताना, सांगितलेलं कधीच उघड होत नाही. एखाद्याला दीक्षा द्यावी की नाही हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचं किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचं मत विचारायलाही चर्चच्या कायद्यातल्या कलमाची, कॅनन 240 ची, मनाई आहे. मित्राला सांगितलेल्या गोष्टीला हे संरक्षण नाही. दीक्षेआड येणारी अडचण ठाऊक असेल तर ती कळवणं कॅनन 1043 नुसार प्रत्येक श्रद्धावंताला बंधनकारक आहे, जिवलग मित्रालासुद्धा. म्हणून खरा मित्र आधीच म्हणतो, ‘हे तू स्वतः जाऊन सांग, मी बरोबर येतो.’

गावच्या चर्चमध्ये दीक्षाविधी असेल तेव्हा घरच्यांनी दोन क्षण नीट बघावेत. बिशप उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवतात, मग हजर असलेले सगळे धर्मगुरू एकामागून एक, काही न बोलता, तेच करतात. त्यात ज्याच्याशी वर्षभर पटलं नाही त्याचाही हात असतो. त्यानंतर स्टोल, म्हणजे गळ्यातला लांब पट्टा, आणि मिस्साचं (उपासनेचं) वस्त्र चढवायला एखादा धर्मगुरू पुढं येतो. तो बहुधा त्या मुलानंच निवडलेला असतो.