क्लाऊडमधील विदेवरून अहवालरचना

व्यवसायाच्या बिले, मागण्या, साठा, वसुली, हजेरी यांसारख्या दैनंदिन नोंदी भाड्याच्या दूरस्थ संगणकसेवांतून (क्लाऊडमधून) काढून, परस्परांशी जुळवून, त्या व्यवसायाच्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर देईल अशा तक्त्यात किंवा आलेखात मांडण्याची प्रक्रिया. सेवेने सर्व ग्राहकांसाठी एकाच साच्यात पुरवलेले तयार अहवाल या संज्ञेत सहसा धरले जात नाहीत. ज्या अहवालातील प्रत्येक आकड्याची व्याख्या व्यवसाय स्वतः ठरवतो, तोच येथे अभिप्रेत आहे.

‘डेटा’ या अर्थी मराठी शास्त्रीय लेखनात ‘विदा’ हा शब्द वापरला जातो आणि तो संस्कृतातील ‘विद्’ (जाणणे) या धातूशी जोडला जातो. मुंबईच्या कार्यालयांत मात्र ‘डेटा काढणे’, ‘डंप घेणे’ (सर्व नोंदी एकदम उतरवणे), ‘पिव्होट लावणे’ (गटवार बेरजांचा तक्ता करणे) आणि सर्वांत अधिक ‘एमआयएस’ हेच शब्द ऐकू येतात. यांतील ‘एमआयएस’ मूळचा व्यवस्थापन-माहिती-प्रणालीचा संक्षेप असून आता तो थेट अहवालालाच लावला जातो. ‘आजचा एमआयएस पाठवला का?’ हा प्रश्न फोर्टपासून अंधेरीपर्यंतच्या कचेऱ्यांत रोजचा आहे.

इतिहास : या प्रक्रियेचा उगम कोठे मानावा याबाबत एकवाक्यता नाही. ‘बिझनेस इंटेलिजन्स’ (व्यवसायाच्या निर्णयांसाठी माहितीचा वापर) या शब्दप्रयोगापासून सुरुवात करणारे लेखक १८६५ मधील रिचर्ड डेव्हन्स यांच्या एका संकलनाकडे निर्देश करतात. हेन्री फर्नीज या सावकाराने प्रतिस्पर्ध्यांच्या आधी बातमी मिळवून नफा कसा कमावला, याचे वर्णन तेथे आहे. परंतु ती बातमी मिळवण्याची हुशारी होती. स्वतःच्याच नोंदी मोजण्याची रीत नव्हती. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये हाच शब्दप्रयोग एका शोधनिबंधाच्या शीर्षकात योजला. त्यांची योजना मुख्यतः दस्तऐवजांचा गोषवारा काढून तो योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचवण्याची होती. आकड्यांच्या अहवालाशी तिचे नाते दूरचेच म्हणावे लागेल. आजच्या अर्थाने हा शब्द रूढ करण्याचे श्रेय साधारणपणे विश्लेषक हॉवर्ड ड्रेसनर यांना, १९८९ च्या सुमारास, दिले जाते.

शब्दाऐवजी कृतीचा माग घेतल्यास आयबीएमच्या ‘आरपीजी’ या अहवाल तयार करणाऱ्या संगणकभाषेचा (१९५९) दावा अधिक बळकट वाटतो. छिद्रित पत्रांवरील नोंदी एकामागून एक वाचायच्या, गटाचे चिन्ह बदलले की उपबेरीज छापायची आणि शेवटी एकूण बेरीज द्यायची, हे तिचे ठरलेले चक्र होते. आजच्या पिव्होट तक्त्यात गटवार बेरीज होते तिचे बीज येथेच दिसते. एडगर कॉड यांचे संबंधात्मक प्रतिमान (विदा परस्परांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत मांडण्याची रीत) १९७० मध्ये आणि त्यावर उभी राहिलेली, पुढे एसक्यूएल नावाने प्रचलित झालेली प्रश्नभाषा १९७४ मध्ये पुढे आली. तेव्हापासून अहवालासाठी प्रत्येक वेळी नवा आज्ञासंच लिहिण्याची गरज उरली नाही.

विदा-कोठाराच्या (अहवालांसाठी ठिकठिकाणची विदा एकत्र साठवण्याच्या) कल्पनेबाबतही असेच दुमत आहे. अनेक ग्रंथ विल्यम इनमन यांना जनकत्व देतात. बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांचा निबंध मात्र १९८८ चा, म्हणजे इनमन यांच्या १९९२ च्या ग्रंथाआधीचा आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. संस्थेची सर्व विदा आधी एका सुसंघटित मध्यवर्ती कोठारात आणावी, हा इनमन यांचा आग्रह होता. राल्फ किंबॉल (१९९६) यांनी विक्री, खरेदी अशा एकेका व्यवहारापासून आरंभ करून मधोमध व्यवहाराचा तक्ता व भोवती ग्राहक, वस्तू, दिनांक यांचे तक्ते अशी ताराकृती रचना सुचवली. लहान व मध्यम व्यवसायांना दुसरी वाट अधिक झेपते.

‘क्लाऊड’ हा शब्द कॉम्पॅक कंपनीच्या १९९६ मधील अंतर्गत कागदपत्रांत आढळतो, तर त्याचा सार्वजनिक प्रसार गूगलचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांच्या २००६ मधील उद्गारांपासून झाला असे मानतात. ब्राउझरमधून भाड्याने चालणारी व्यवसाय-आज्ञावली त्याआधीच, १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्ससारख्या कंपन्यांनी रुजवली होती.

कार्यपद्धती : मराठी व्यापारी परंपरेत ही प्रक्रिया समजण्यास सोपे रूप उपलब्ध आहे. कीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहायचे, खतावणीत ते खात्यांनुसार उतरवायचे आणि तेरजेने दोन्ही बाजू पडताळायच्या. क्लाऊड सेवेतील मूळ नोंदी म्हणजे कीर्द, अहवालासाठी रचलेले तक्ते म्हणजे खतावणी. तेरजेचे स्थान मात्र आजच्या कामात बहुधा रिकामे राहते, आणि अहवाल चुकण्याचे ते प्रमुख कारण आहे.

नोंदी काढण्याचे दोन मार्ग आहेत. हाताने फाइल उतरवणे हा पहिला. सेवेच्या एपीआयद्वारे (एका आज्ञावलीने दुसरीकडून नोंदी मागवण्याच्या ठरलेल्या मार्गाने) ठरलेल्या वेळी आपोआप मागवणे हा दुसरा. एपीआय एका वेळी मर्यादित नोंदी ‘पानापानाने’ देते आणि ठरावीक काळातील मागण्यांच्या संख्येवरही बंधन घालते. म्हणून सर्व नोंदी रोज न आणता ‘शेवटच्या खेपेनंतर बदललेल्या’ तेवढ्याच आणण्याची रीत आहे. तिच्यात एक धोका दडलेला आहे. पुसून टाकलेली नोंद सहसा ‘बदललेली’ म्हणून येत नाही; परिणामी मूळ सेवेतून काढून टाकलेले बिल अहवालाच्या प्रतीत तसेच राहते व विक्री फुगलेली दिसते. ठरावीक दिवसांनी मूळ सेवेतील एकूण नोंदसंख्या व एकूण रक्कम प्रतीशी ताडून पाहणे हाच यावरील भरवशाचा उपाय आहे.

तक्ते जोडताना होणारी चूक याहून घातक ठरते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. समजा, दादरच्या एका साडी-दुकानाने ₹९,००० चे एक बिल केले आणि त्याची वसुली तीन हप्त्यांत झाली. बिलांचा तक्ता हप्त्यांच्या तक्त्याला बिल-क्रमांकाने जोडला तर तेच बिल तीन ओळींत उतरते आणि विक्रीची बेरीज ₹२७,००० येते. हप्त्यांची बेरीज आधी बिलनिहाय करून मग जोडणी केल्यास ही चूक टळते. अहवालाची एक ओळ नेमकी कशाची, बिलाची, बिलातील वस्तूची की हप्त्याची, हे आरंभीच लिहून ठेवावे, असा या विषयातील जाणकारांचा आग्रह असतो व तो योग्यच आहे.

दिनांकाचा प्रश्न : बहुतेक क्लाऊड सेवा नोंदीची वेळ जागतिक समन्वित वेळेत (यूटीसी) साठवतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रूपांतर न करता दिवसवार बेरीज घेतल्यास मुंबईतील मध्यरात्र ते पहाटे ५.३० पर्यंतचे सर्व व्यवहार आदल्या तारखेत पडतात. सकाळी दहाला उघडणाऱ्या दुकानाला हे कधी जाणवणारही नाही. परंतु ससून डॉकवरील मासळीचा व्यापार किंवा दादरच्या फूलबाजारातील खरेदी-विक्री पहाटेच सुरू होते, आणि तेथील १ एप्रिलच्या पहाटे ४.३० चे बिल यूटीसीनुसार ३१ मार्चच्या रात्री ११ चे ठरते. केवळ दिवसच नव्हे, तर आर्थिक वर्षही बदलते. (दोन वेळांचा मेळ घालणे या शहराला पूर्वीही करावे लागले आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत व्यवहारात टिकून होती.) परदेशी बनावटीच्या साधनांत तिमाही जानेवारीपासून मोजली जाते आणि अंकांत स्वल्पविराम लाख-कोटींऐवजी मिलियनच्या रीतीने पडतो. या दोन्ही गोष्टी प्रारंभीच बदलून घ्याव्या लागतात.

मुंबईतील वापर : मस्जिद बंदर, झवेरी बाजार, क्रॉफर्ड मार्केट येथील व्यापारी घराण्यांत आणि उपनगरांतील लघुउद्योगांत वस्तू व सेवा कर (१ जुलै २०१७) लागू झाल्यावर संगणकीय नोंदींची निकड वाढली. पुरवठादारांच्या विवरणांवरून तयार होणारे जीएसटीआर-२बी हे पत्रक महिन्याच्या १४ तारखेला उपलब्ध होते, तर दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बी या करविवरणाची मुदत २० तारखेची असते. मधल्या सहा दिवसांत आपली खरेदी-वही त्या पत्रकाशी जुळवून कोणत्या पुरवठादाराचे बिल दिसत नाही, हे सांगणारा अहवाल लागतो. प्रत्येकाची बिल-क्रमांक लिहिण्याची तऱ्हा निराळी (‘०४५’, ‘४५’, ‘४५/२४-२५’) असल्यामुळे तयार साच्याने येथे भागत नाही. साधने म्हणून एक्सेल अद्याप सर्वत्र आहे; पॉवर बीआय, टॅब्लो, झोहो अ‍ॅनालिटिक्स, लुकर स्टुडिओ यांचाही वापर होतो.

विदा कोठे साठवली जाते याला कायदेशीर महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक-प्रणालींची विदा भारतातच ठेवण्याचे बंधन घातले. कंपन्यांच्या हिशेबपुस्तकांची भारतातील सर्व्हरवर दररोज प्रत ठेवण्याची तरतूद २०२२ मध्ये झाली. अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊड सेवेचे मुंबई क्षेत्र २०१६ पासून आणि गूगलचे २०१७ पासून कार्यरत आहे. ग्राहकांची नावे व दूरध्वनी क्रमांक अहवालात घेताना २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमही विचारात घ्यावा लागतो.

देवनागरी नोंदी : मराठीत भरलेल्या नावांवर गट पाडताना दोन अडचणी येतात. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव युनिकोडमध्ये (संगणकातील अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीत) नुक्त्याच्या ‘ऱ’ने किंवा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह देऊन, असे दोन प्रकारे लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण अहवालात एका ग्राहकाचे दोन ग्राहक होतात आणि त्याची थकबाकी विभागली जाते. क्रमाचा प्रश्न वेगळा आहे. मराठी वर्णक्रमात ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या संकेतक्रमात मात्र तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे कावळे, काशीकर, काळे हा कोशातील क्रम यादीत काळे, कावळे, काशीकर असा लागतो, आणि ‘क्ष’ने सुरू होणारी नावे शेवटी न जाता ‘क’मध्ये मिसळतात. साधनात मराठी वर्णक्रम निवडण्याची सोय असल्यास दुसरी अडचण सुटते. पहिलीसाठी नोंदी आत घेतानाच दोन्ही रूपे एक करावी लागतात.