अलार्म सेंट्रल लॉकला जोडून घेण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहिती

अलार्मच्या रिमोटचे बटण दाबताच गाडीचे सर्व दरवाजे लॉक व्हावेत, ही ग्राहकांची अपेक्षा रास्त आहे. मात्र त्यासाठी कोणती वायर कोठे जोडायची, हे अलार्मवरून नव्हे, तर गाडीतील लॉकच्या मूळ सर्किटवरून ठरते. म्हणून मल्टीमीटरने तपासल्याशिवाय आम्ही एकही वायर कापत नाही. बल्बचा साधा टेस्टर आम्ही वापरत नाही, कारण तो खेचत असलेला करंट नाजूक इलेक्ट्रॉनिक सर्किटला बाधू शकतो.

अनेक गाड्यांमध्ये दरवाजावरील स्विच लॉकच्या कंट्रोल युनिटला क्षणभर ‘अर्थ’ (बॅटरीच्या निगेटिव्हशी, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोड) देतो. अशा ठिकाणी अलार्मची निगेटिव्ह पल्स (क्षणभर अर्थला जोडणारा संकेत) बहुधा थेट चालते. स्विच १२ व्होल्ट देत असेल, तर मध्ये रिले (लहान करंटवर चालून मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) बसवावा लागतो.

खरी काळजी घ्यावी लागते ती तिसऱ्या प्रकारात. येथे लॉकच्या मोटरचा संपूर्ण करंट स्विचमधूनच जातो, मोटरच्या दोन्ही वायरी एरवी अर्थला जोडलेल्या असतात आणि ज्या वायरीवर १२ व्होल्ट येतील, त्यानुसार मोटर लॉक किंवा अनलॉकच्या दिशेने फिरते. अशा वायरीला नुसता जोड देऊन बॅटरीचा सप्लाय सोडला, तर तो स्विचमार्गे सरळ अर्थला जाऊन फ्यूज उडतो. त्यामुळे दोन्ही वायरी कापून प्रत्येकीत पाच पिनचा एक रिले घातला जातो: ३० क्रमांकाची पिन मोटरकडे, ८७ए स्विचकडे आणि ८७ ही फ्यूजमार्गे बॅटरीच्या पॉझिटिव्हकडे. अलार्मचे लॉक आउटपुट साधारणतः काहीशे मिलिअँपिअरचेच असते, तर मोटर कित्येक अँपिअर घेते. म्हणून रिलेचा खर्च वाचवणे आम्हाला मान्य नाही.

नव्या गाड्यांत लॉकचा आदेश अनेकदा कॅन बसवरून (गाडीतील इलेक्ट्रॉनिक युनिट्सना जोडणाऱ्या डिजिटल संदेशांच्या जाळ्यावरून) जातो. तेथे त्या मॉडेलला जुळणारे इंटरफेस मॉड्यूलच वापरावे लागते. वॉरंटी चालू असल्यास, कामाआधी गाडीच्या अधिकृत सेवाकेंद्राकडे विचारणा करावी.

गाडी ताब्यात घेताना एक काच खाली ठेवून रिमोट, मूळ किल्ली आणि आतील स्विच या तिन्हींनी प्रत्येक दरवाजा आमच्यासमोर लॉक-अनलॉक करून पाहावा. बॅटरी उतरल्यास रिमोट उपयोगी पडत नाही. तेव्हा दरवाजा उघडणारी किल्ली नेहमी जवळ बाळगावी.