धडधड एकच, नावं दोन

अकरावीतली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. रोज रात्री ती मोबाइलवर एक कथामालिका वाचते. त्यातली नायिका व्हॅम्पायरच्या, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चाच्या प्रेमात पडली आहे. "सर, तो मारू शकते हे तिले माहीत आहे, मग पळून काहून नाही जात? अन् मले वाचताना भेव वाटते, तरी मोबाइल ठेववत काहून नाही?" मी घाईत ‘ॲड्रेनॅलिन’ एवढं एका शब्दात उत्तर दिलं. धोका जाणवताच शरीर रक्तात सोडतं ते हे हार्मोन. ते अर्धवट उत्तर मनात राहिलं, म्हणून हा लेख.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, जंगलाला लागून. एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला घरंच्या घरं निघतात. गेल्या हंगामात मीही शेजारच्या काकूंसोबत गेलो. टोपली अर्धी भरली असेल, तोच नाल्याकडून पाचोळा करकरला. जो जसा वाकलेला होता तो तसाच थिजला. वाघ नव्हता, रानडुक्कर होतं. आलं तसं गेलं. पण एप्रिल महिन्यात माझी बोटं इतकी गार पडली होती की चिमटीतलं फूलही जाणवेना.

ती बोटं गार कशी पडली, हे सांगायला मला फार आवडतं. आवाज कानावर पडताच मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोका ओळखतो आणि मेंदूच्याच तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला कळवतो. तिथून निरोप पाठीच्या कण्यातून खाली, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो. या ग्रंथीचा आतला गाभा म्हणजे मुळात चेतासंस्थेचाच तुकडा. गर्भात ज्या पेशींपासून चेतापेशी घडतात, त्यांचीच ही भावंडं. फक्त यांना पुढे तार फुटली नाही. चेतापेशी आपलं रसायन तारेच्या टोकाशी, एकाच ठिकाणी सोडते. या पेशी ते थेट रक्तात ओततात, त्यामुळे तोच निरोप अंगभर जातो. माणसात या ओतलेल्या मालापैकी सुमारे 80 टक्के ॲड्रेनॅलिन असतं, उरलेलं बहुतेक त्याचंच भावंड, नॉरॲड्रेनॅलिन. डाळीतल्या प्रथिनांत असलेलं टायरोसिन, त्यापासून डोपा, मग डोपामिन, मग नॉरॲड्रेनॅलिन आणि शेवटी ॲड्रेनॅलिन, अशी ही साखळी. शेवटची पायरी पार पाडणारं विकर (एन्झाइम) टिकून राहतं ते ग्रंथीच्याच बाहेरच्या थरातून झिरपणाऱ्या कॉर्टिसोल या दुसऱ्या हार्मोनमुळे.

पुढचं काम ग्राहींचं, म्हणजे पेशींवर बसवलेल्या कुलपांचं. ॲड्रेनॅलिन ही त्यांची किल्ली. हृदयावर बीटा-1 ग्राही, म्हणून ठोके वाढतात. श्वासनलिकांवर बीटा-2, म्हणून त्या रुंदावतात. कातडीतल्या रक्तवाहिन्यांवर अल्फा ग्राही, तिथे किल्ली तीच पण परिणाम उलटा: वाहिन्या आवळतात, रक्त आत ओढलं जातं आणि बोटं गार पडतात. यकृताच्या पेशीला तर ॲड्रेनॅलिनचे मोजके रेणू पुरतात. ते बाहेरच थांबतात, आत सायक्लिक एएमपी नावाचा दुसरा निरोप्या तयार होतो, प्रत्येक पायरीवर संख्या वाढत जाते आणि साठवलेल्या ग्लायकोजेनमधून भराभर साखर सुटते. हा दुसरा निरोप्या शोधल्याबद्दल अर्ल सदरलँड यांना 1971 चं नोबेल मिळालं.

व्हॅम्पायरचं वर्णन आता आठवून पाहा: पांढराफटक चेहरा, बर्फासारखे हात, डोळ्यांतल्या मोठ्या झालेल्या बाहुल्या. हे घाबरलेल्या माणसाचंच वर्णन आहे! त्यातल्या बाहुल्या तर दुहेरी साक्षीदार. त्या भीतीनेही मोठ्या होतात आणि आवडतं माणूस समोर आल्यावरही.

अशी सरमिसळ बाहुल्यांपुरती थांबत नाही. 1974 मध्ये डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात व्हँकूवरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. खाली सुमारे 70 मीटर खोल दरी. पुलावर भेटलेल्या पुरुषांकडून एक तरुणी छोटी प्रश्नावली भरून घेई आणि आपला फोन नंबर देई. नंतर या 18 जणांपैकी 9 जणांनी फोन केला. जवळच्या भक्कम, ठेंगण्या पुलावरच्या 16 पैकी फक्त 2 जणांनी. पुलाने उठवलेली धडधड तरुणीच्या नावावर जमा झाली. मात्र 1981 च्या आणखी एका प्रयोगात काहींना 2 मिनिटं, काहींना 15 सेकंदच जागेवर धावायला लावलं, तेव्हा दिसलं की जास्त धावलेल्यांना देखणी व्यक्ती अधिक आवडली आणि न आवडणारी आणखीच नावडती झाली. म्हणजे धडधड प्रेम निर्माण करत नाही, जे आहे त्याचा आवाज वाढवते. ‘ॲड्रेनॅलिन हे प्रेमाचं हार्मोन’ असं सांगणारे व्हिडिओ म्हणूनच चुकीचे आहेत.

पण मग मोहाच्या झाडाखाली कुणाला रानडुक्कर का आवडलं नाही? कारण तिथे जीव खरोखर पणाला होता. कथा वाचताना तुम्ही पांघरुणात असता, शेजारी आई झोपलेली असते, मेंदूचा पुढचा भाग सांगत असतो की हे खोटं आहे. अलार्म वाजतो, धोका नसतो, आणि उरलेली तरतरी गोड लागते. मुलींनी हा फरक पक्का लक्षात ठेवावा. रस्त्यात आडवा येणारा, धमकावणारा मुलगा पाहून काळीज धडधडलं तर ती भीती आहे, तिला दुसरं नाव देऊ नये. घरी सांगावं.

आमच्याकडे अजून एक नाव दिलं जातं. रात्री शेतावरून घाबरून आलेलं, पांढरं पडलेलं, हात गार झालेलं पोर पाहिलं की ‘बाहेरची हवा लागली’ म्हणत त्याला मांत्रिकाकडे नेतात. तिथला धूर आणि आरडाओरडा त्या पोराला आणखी घाबरवतो. त्याला जवळ घ्या, पाणी द्या, बोलतं करा. रक्तातलं ॲड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, पुढच्या दोन-तीन मिनिटांत उरलेल्याचं निम्मं. तरीही पोर सावरलं नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. मग तिने डाव्या मनगटावर बोटं ठेवली, मी घड्याळ धरलं. 15 सेकंदांत 19 ठोके. तिने मोबाइलवर कालचा अर्धवट राहिलेला भाग उघडला, मनातल्या मनात पानभर वाचला आणि पुन्हा मोजलं. 23. "सर," ती म्हणाली, "अजून तो आलाच नाही, दारच वाजलं आहे फक्त."